परत मागविलेली मोटार

मुंबईहून गणेशपुरीस मोटारीनें जावयाचें तर वाटा दोन. एक भिवंडीवरून वाड्याच्या रस्त्यानें अंबाडीपर्यंत जाऊन वज्रेश्वरीकडे वळते. दुसरी अहमदाबादच्या हमरस्त्यावर शिरसाड फाट्यापाशीं फुटते. दोन्ही वाटा शेवटीं तानसा नदीच्या खोऱ्यांत उतरतात. ऊन पाण्याचीं कुंडें, भीमेश्वराचें देऊळ, आणि १९३६ च्या सुमारास येथें येऊन राहिलेल्या व ८ ऑगस्ट १९६१ रोजीं समाधिस्थ झालेल्या स्वामी नित्यानंदांचें स्थान, यांमुळें भिवंडी तालुक्यांतील ह्या लहानशा गांवीं मुंबई-ठाण्याच्या कुटुंबांची ये-जा गेलीं कित्येक दशकें चालू आहे. आजीला देवदर्शन, आजोबांना दुखऱ्या सांध्यांसाठीं कुंडांतील स्नान, मुलांना नदी, आणि घरधन्याला नवी गाडी चालविण्याचें सुख, असा हा चौपदरी लाभ!

पण श्रोते हो, ह्याच वाटेवर गाडीची खरी परीक्षाहि होते. शहरांतल्या सपाट रस्त्यावर जो दोष झांकून राहतो, तो श्रावणांतल्या खड्ड्यांत उघडा पडतो. पुढच्या चाकाजवळून खडखड ऐकूं येते, ब्रेकवरचा पाय नेहमींपेक्षां खोल जातो, किंवा चढावर इंजिन एकाएकीं बंद पडतें. गाडी रस्त्याच्या कडेला उभी राहते, आणि मग जो वाद सुरू होतो तो मोटार बाळगणाऱ्या प्रत्येक कुटुंबाच्या ओळखीचा आहे. कोणी म्हणतें, चालविणाऱ्यानें क्लच जाळला. कोणी म्हणतें, गॅरेजवाल्यानें तेल बदललें नाहीं. कोणी म्हणतें, रस्ताच असा. गाडी मुळांत घडवितांनाच कांहीं चुकलें असेल, ही शंका सर्वांत शेवटीं येते. पुष्कळदां येतच नाहीं.

ह्या शेवटच्या शंकेचा इतिहास आज सांगावयाचा आहे. ज्या दिवशीं कारखानदार आपण होऊन, किंवा कायद्याच्या धाकानें, जाहीर करतो कीं दोष आमचा आहे, गाडी घेऊन या, आम्ही ती विनामूल्य दुरुस्त करून देऊं, त्या दिवशीं त्या शंकेला उत्तर मिळतें. ह्या गोष्टीला जगभर 'रिकॉल' म्हणतात. आपल्या वर्तमानपत्रांनीं 'गाड्या परत मागविल्या' असा सुटसुटीत शब्दप्रयोग रूढ केला आहे. मुंबईंत मोटारी जोडण्यास आरंभ झाल्यापासून हे शब्द आपल्या कानांना नित्याचे होईपर्यंत ऐंशींहून अधिक वर्षें लोटलीं. इतका काळ कां लागला, आणि त्या अवधींत दोषाचें ओझें कोणीं वाहिलें, हें पाहण्यासारखें आहे.

१९२८ सालीं अमेरिकेच्या जनरल मोटर्स कंपनीनें मुंबईंत शिवडी येथें मोटारी जोडण्यास सुरुवात केली. सुटे भाग पेट्यांतून बोटीनें यावयाचे व येथें जोडले जावयाचे. त्या काळचा मोटारवाला धनिक होता. गाडी पसंतीस उतरली नाहीं तर ती काढून दुसरी घेण्याची त्याची ऐपत असे, आणि बाजारांत निवड करण्यास अनेक कंपन्यांच्या गाड्याहि असत. दोषावर पर्याय हाच तेव्हांचा उपाय होता.

पुढें सोलापूरचे वालचंद हिराचंद यांनीं १९४४ सालीं प्रीमियर ऑटोमोबाइल्स ही कंपनी स्थापन केली व कुर्ल्यास कारखाना उभारला. अमेरिकेच्या क्रायस्लर कंपनीच्या सहकार्यानें १९४७ सालीं, म्हणजे स्वातंत्र्याच्याच वर्षीं, तेथून वाहनें बाहेर पडूं लागलीं. त्यानंतर इटलीच्या फियाट कंपनीशीं संबंध जुळला, आणि 'फियाट' हा शब्द मुंबईच्या मध्यमवर्गाच्या बोलण्यांत मोटारीचा पर्यायच होऊन बसला. दरम्यान १९४९ सालीं तयार मोटारींच्या आयातीवर बंदी आली. १९५३ सालीं सरकारनें असें ठरविलें कीं, क्रमाक्रमानें सर्व भाग येथेंच घडविण्याची ज्यांची योजना असेल त्यांनींच ह्या धंद्यांत राहावें. जनरल मोटर्स व फोर्ड यांनीं आपला येथील पसारा आवरला. सामान्य गिऱ्हाइकापुढें उरल्या मुख्यतः तीन मोटारी: बंगालची अँबेसडर, मद्रासची स्टँडर्ड, आणि आपली कुर्ल्याची फियाट.

ह्या धोरणामागचा हेतु थोर होता, हें नाकारतां येत नाहीं. आज पुणें, पिंपरी-चिंचवड, नाशिक, छत्रपति संभाजीनगर ह्या पट्ट्यांत मोटारीचे भाग घडविणारे जे शेंकडों कारखाने दिसतात, त्यांचीं मुळें त्याच काळांत रुजलीं. परंतु त्याच धोरणानें गिऱ्हाइकाच्या हातांतलें एकमेव शस्त्र, म्हणजे दुसऱ्या दुकानाची पायरी चढण्याची मोकळीक, काढून घेतलें. मागणी फार आणि पुरवठा थोडा. पैसे भरून वर्षानुवर्षें नंबर लागण्याची वाट पाहावयाची. १९५९ च्या सरकारी हुकुमानें मोटारींच्या वाटपावर व विक्रीवर नियंत्रण आलें, तें ह्याच टंचाईमुळें. उपासानंतर पुढें आलेल्या ताटांत मीठ कमी आहे म्हणून कोण उठून जातो? इतक्या प्रतीक्षेनंतर दारीं आलेल्या गाडीचें दार नीट लागत नसलें, पावसांत पाणी आंत ठिबकत असलें, उन्हाळ्यांत घाट चढतांना इंजिन तापत असलें, तरी घरचे लोक ते गाडीचे 'स्वभाव' म्हणून पत्करीत. स्वदेशी मालाचे दोष चारचौघांत काय सांगावयाचे? आपलेच दांत आणि आपलेच ओठ!

मग ते दोष दूर कोण करी? ह्याचें उत्तर इतिहासाच्या ग्रंथांत सांपडत नाहीं. तें दादर-परळच्या आणि ठाण्या-भिवंडीच्या गल्ल्यांत सांपडतें. तें उत्तर म्हणजे मिस्त्री. नव्या गाडीचे स्क्रू आवळणारा, रबराच्या पट्ट्या बदलणारा, कारब्युरेटर साफ करून देणारा हा गृहस्थ वस्तुतः कारखान्यानें पुरें करावयाचें काम आपल्या पडवींत पुरें करीत होता. एकाच प्रकारच्या पंचवीस गाड्या त्याच्या हाताखालून गेल्या म्हणजे त्याला कळून चुके कीं अमुक भाग अमुक हजार मैलांनंतर तुटतोच. हें ज्ञान अमोल होतें. पण तें त्याच्या बोटांतच राहिलें. कारखान्यानें तें त्याला कधीं विचारलें नाहीं आणि कोणत्या दप्तरांत तें नोंदलें गेलें नाहीं. दुरुस्तीचा खर्च मात्र गाडीचा मालक निमूटपणें सोसत आला.

सरकारच्या कानांवर कांहींच गेलें नाहीं असें नव्हे. तक्रारी वाढल्यामुळें १९६७ सालीं मोटारींच्या दर्जाची चौकशी करण्यासाठीं सरकारनें एक समिति नेमली. १९६९ सालीं सरकारनें मोटारींच्या किंमती ठरवून दिल्या, तेव्हां कारखानदार सर्वोच्च न्यायालयांत गेले. न्यायालयाच्या देखरेखीखालीं किंमतींची चौकशी करणारा आयोग बसला आणि १९७१ च्या नोव्हेंबरांत निकाल लागला. मोटारीची योग्य किंमत काय, ह्यावर देशाच्या सर्वोच्च न्यायासनानें काथ्याकूट केला. परंतु सदोष मोटार कारखान्यानें परत बोलावून नीट करून द्यावी, असें सांगणारें कलम तेव्हां कायद्याच्या पुस्तकांत नव्हतेंच.

ह्याच काळांत समुद्रापलीकडे काय चाललें होतें तेंहि पाहूं. अमेरिकेंत राल्फ नेडर नांवाच्या तरुण वकिलानें १९६५ सालीं मोटारींच्या घडणींतील धोक्यांवर एक पुस्तक प्रसिद्ध केलें आणि मोठी खळबळ उडवून दिली. तोंपर्यंत तेथेंहि अपघाताचा सारा दोष चालविणाऱ्याच्या माथीं मारण्याची पद्धत होती. ९ सप्टेंबर १९६६ रोजीं अध्यक्ष जॉन्सन यांनीं वाहन-सुरक्षेच्या कायद्यावर सही केली. सुरक्षिततेला बाधक दोष आढळल्यास मालकांना तसें कळविण्याचें बंधन कारखानदारांवर आलें. १९७४ च्या दुरुस्तीनें विनामूल्य दुरुस्तीहि सक्तीची झाली. जपाननें १९६९ सालीं गाड्या परत मागविण्याची व्यवस्था सुरू केली.

आणि योगायोग असा कीं, तें १९६६ हेंच वर्ष आपल्याकडेहि दोन बीजें पेरून गेलें. पुण्यास मोटारींच्या चांचणीसाठीं व संशोधनासाठीं ऑटोमोटिव्ह रिसर्च असोसिएशन ऑफ इंडिया ही संस्था त्याच वर्षीं निघाली, आणि मुंबईंत कांहीं गृहिणींच्या पुढाकारानें कन्झ्युमर गायडन्स सोसायटी ही ग्राहकांची संस्थाहि त्याच वर्षीं उभी राहिली. एकीकडे यंत्राची परीक्षा करणारी संस्था, दुसरीकडे गिऱ्हाइकाची बाजू मांडणारी संस्था. ह्या दोघींची गांठ पडण्यास मात्र पुष्कळ वर्षें जावीं लागलीं. पुढें बिंदुमाधव जोशी यांच्या प्रेरणेनें पुण्यास ग्राहक पंचायत निघाली, १९७५ सालीं मुंबई ग्राहक पंचायत सुरू झाली, आणि ह्या चळवळींच्या पाठपुराव्यानें २४ डिसेंबर १९८६ रोजीं ग्राहक संरक्षण कायदा अस्तित्वांत आला.

ह्या कायद्यानें एकट्या गिऱ्हाइकाला दाद मागण्यासाठीं स्वस्त आणि सुटसुटीत न्यायपीठ मिळालें. ही गोष्ट लहान नव्हे. परंतु येथें एक भेद ध्यानांत घेतला पाहिजे. एका मालकानें मंचापुढें जाऊन आपली गाडी बदलून घेतली, तर न्याय त्याला मिळाला. त्याच दिवशीं, त्याच कारखान्यांत, त्याच सांच्यांतून निघालेला तोच सदोष भाग ज्या इतर हजार गाड्यांत बसला आहे, त्यांच्या मालकांना ह्या निकालाचा पत्ताहि नसतो. त्यांतला एखादा उद्यां सकाळीं मुलांना घेऊन वज्रेश्वरीच्या वाटेला लागणार असतो. तक्रारीचा निकाल एका घरापुरता असतो. परत मागविण्याची नोटीस मात्र त्या हजारांतल्या प्रत्येकासाठीं असते. पहिला उपाय झाल्या नुकसानीची भरपाई करतो, दुसरा न झालेला अपघात टाळतो. ह्या दुसऱ्या उपायासाठीं हिंदुस्थानाला आणखी पाव शतक थांबावें लागलें.

ह्या शब्दाची कारखानदारांना किती धास्ती होती, तें टाटांच्या नॅनो गाडीच्या प्रकरणांत दिसून आलें. जगांतली सर्वांत स्वस्त मोटार म्हणून गाजलेल्या ह्या गाडीची पहिली किल्ली जुलै २००९ मध्यें मुंबईंतच गिऱ्हाइकाच्या हातीं पडली. पुढें कांहीं नॅनो गाड्या पेटल्या. त्यांतली एक मार्च २०१० मध्यें मुंबईच्या रस्त्यावर. नोव्हेंबर २०१० मध्यें कंपनीनें सर्व मालकांना विनामूल्य ज्यादा संरक्षक भाग बसवून देण्याची तयारी दाखविली, पण हें परत मागविणें नव्हे असें आवर्जून सांगितलें. काम तेंच, नांव मात्र नको! त्याच वर्षाच्या फेब्रुवारींत मारुती कंपनीनें ए-स्टार जातीच्या एक लाख गाड्या इंधनाच्या पंपाजवळील गळतीच्या शंकेवरून उघडपणें परत बोलावल्या होत्या, हें लक्षांत घेतलें म्हणजे दोन वृत्तींतला फरक दिसतो. एकीला वाटतें, झांकली मूठ सव्वा लाखाची. दुसरीला कळलेलें असतें कीं, मूठ आज ना उद्यां उघडणारच, तर ती आपणच उघडलेली बरी.

जुलै २०१२ मध्यें मोटार-कारखानदारांच्या संघानें स्वेच्छेनें पाळावयाचा एक नियमसंग्रह तयार केला. सात वर्षांपर्यंतच्या गाड्यांत सुरक्षिततेचा दोष आढळल्यास त्या परत मागवून फुकट दुरुस्त कराव्या, असा त्याचा आशय होता. दंड नव्हता, सक्ती नव्हती. पण शब्दावरचा कलंक पुसला गेला. १९६६ सालच्या पुण्याच्या संस्थेचें महत्त्वहि आतां प्रत्ययास आलें. फोक्सवॅगन कंपनीनें धुराच्या परीक्षेंत केलेली लबाडी २०१५ सालीं अमेरिकेंत उघडकीस आली, तेव्हां आपल्याकडील त्या गाड्यांची चांचणी ह्या पुण्याच्या संस्थेनें केली, आणि त्याच वर्षाच्या डिसेंबरांत कंपनीला येथील ३,२३,७०० गाड्या परत मागवाव्या लागल्या.

आतां आपण आजच्या लोकप्रिय गाडीकडे वळूं. लांबीला आखूड, उंचीला जीपसारखी, चालविण्यास साध्या मोटारीसारखी अशी जी गाडी आज प्रत्येक सोसायटीच्या आवारांत दिसते, तिला 'कॉम्पॅक्ट क्रॉसओव्हर' म्हणतात. आपल्याकडे तिचा जन्म अर्थसंकल्पाच्या पोटीं झाला, असें म्हटलें तर वावगें होणार नाहीं. २००६ च्या अर्थसंकल्पांत चार मीटरांहून आखूड व लहान इंजिनाच्या मोटारींवरचा अबकारी कर २४ टक्क्यांवरून १६ टक्क्यांवर आणला गेला. तेव्हांपासून कारखानदार गाडीची लांबी सेंटिमीटर मोजून ठरवूं लागले. खड्ड्यांचे रस्ते उंच गाडी मागत होते, कराचें कोष्टक आखूड गाडी मागत होतें; दोन्ही मागण्या एकत्र झाल्या. आणि नवल असें कीं, चार मीटरांच्या आंतली अशी पहिली उंच गाडी २००९ सालीं बाजारांत आणली ती वालचंदांच्याच कंपनीनें. चिंचवडला तयार झालेल्या त्या गाडीचें नांव 'रिओ'. ती फारशी चालली नाहीं, पण वाट दाखवून गेली. पुढें रांजणगांवच्या कारखान्यांतून टाटांची नेक्सॉन आणि किंचित् मोठी जीप कंपास, तर नाशिकहून महिंद्रांची एक्सयूव्ही ३०० अशा गाड्या निघाल्या.

ह्या गाड्यांच्या परत मागविण्याच्या हकीकती वाचतांना दोष किती क्षुल्लक वस्तूंत दडलेला असतो ह्याचें आश्चर्य वाटतें. रांजणगांव म्हणजे अष्टविनायकांतल्या महागणपतीचें स्थान. त्या गांवाजवळच्या औद्योगिक वसाहतींत तयार झालेल्या सुमारें १,२०० कंपास गाड्या नोव्हेंबर २०१७ मध्यें परत बोलावल्या गेल्या. कारण काय? पुढच्या उतारूपुढील एअरबॅगच्या पेटींत जोडणीच्या वेळीं सुटे बारीक खिळे-स्क्रू अडकून राहिले असण्याचा संभव. जी पिशवी अपघातांत जीव वांचवावयाची, तीच फुगतांना तो स्क्रू गोळीसारखा अंगावर फेकील, ही भीति. कोणा मालकाला ही शंका स्वप्नांतहि आली नसती. कारण ती पिशवी उघडण्याचा प्रसंग येईपर्यंत गाडी निर्दोषच वाटणार. येथें मिस्त्रीचीं बोटेंहि निरुपयोगी. असा दोष केवळ घडविणाऱ्यालाच कळूं शकतो, म्हणून तो सांगण्याचें कर्तव्यहि त्याचेंच.

नाशिकची हकीकत त्याहून विलक्षण. जुलै २०२१ मध्यें महिंद्र कंपनीनें नाशिकच्या कारखान्यांत २१ जून ते २ जुलै ह्या दरम्यान तयार झालेल्या, सहाशेंहून कमी अशा डिझेल गाड्या तपासणीसाठीं मागविल्या. एका विशिष्ट दिवशीं कारखान्याला मिळालेलें इंधन दूषित होतें, आणि नव्या इंजिनांचे भाग त्यामुळें अकालीं झिजण्याची शंका होती. यंत्र निर्दोष, कारागीर निर्दोष, आणि तरी गाडी सदोष! नोंदी चोख होत्या, म्हणूनच अमुक तारखेपासून अमुक तारखेपर्यंत असें बोट ठेवतां आलें. जुन्या कुर्ल्याच्या काळाशीं तुलना करावयाची तर फरक येथेंच आहे. आजच्या प्रत्येक गाडीच्या चासी क्रमांकामागें तिची जन्मपत्रिका उभी असते. एक्सयूव्ही ३०० च्याहि १९ मे २०१९ पर्यंत तयार झालेल्या कांहीं गाड्या टेकणांच्या, म्हणजे सस्पेन्शनच्या, एका भागासाठीं फेब्रुवारी २०२० मध्यें मागविल्या गेल्या. गणेशपुरीच्या वाटेवर चाकाजवळून येणारी खडखड ही प्रत्येक वेळीं रस्त्याचीच करामत असते असें नव्हे, एवढा बोध त्यावरून घ्यावा. ह्याच कंपनीनें ऑगस्ट २०२३ मध्यें चाकणच्या मोठ्या एक्सयूव्ही ७०० जातीच्या १,०८,३०६ गाड्या इंजिनाजवळील तारांचा जुडगा तपासण्यासाठीं बोलावल्या, ह्यावरून ह्या व्यवस्थेचा पसारा ध्यानांत येईल.

विजेच्या गाड्यांनीं ह्या इतिहासांत नवें प्रकरण जोडलें आहे. जून २०२२ मध्यें, गणेशपुरीहून फार दूर नसलेल्या वसईंत, विजेवर चालणारी एक नेक्सॉन गाडी पेटली. विकलेल्या तीस हजारांहून अधिक विजेच्या गाड्यांत असा हा पहिलाच प्रकार, असें कंपनीनें सांगितलें. तरी केंद्र सरकारनें संरक्षण संशोधन खात्याचें अग्नि-सुरक्षा केंद्र, बंगलोरची विज्ञान संस्था आणि विशाखापट्टणची नाविक प्रयोगशाळा अशा तीन संस्थांकडे तपास सोंपविला. कोठें १९६७ ची समिति आणि कोठें एका गाडीसाठीं तीन प्रयोगशाळा! काळ किती पालटला, ह्याची ही खूणच आहे.

कायदाहि पालटला. मोटार वाहन कायद्यांत २०१९ सालीं झालेल्या दुरुस्तीनें ११० अ हें कलम घातलें. पर्यावरणाला, चालकाला, उतारूंना किंवा रस्त्यावरील इतरांना अपाय होण्याजोगा दोष असल्यास गाड्या परत मागविण्याचा हुकूम केंद्र सरकार करूं शकतें. कारखानदारानें खर्च भरून द्यावा, गाडी बदलून द्यावी किंवा दुरुस्त करून द्यावी. त्यानें आपण होऊन दोष कळवून पाऊल उचललें तर दंड माफ. १ एप्रिल २०२१ पासून अंमलांत आलेल्या नियमांनीं सात वर्षांच्या आंतील गाड्यांसाठीं हुकमी परत मागवणुकीचा दंड, गाड्यांचा प्रकार व संख्या पाहून, १० लाखांपासून १ कोटी रुपयांपर्यंत ठरविला. नव्या ग्राहक संरक्षण कायद्यानें, जो जुलै २०२० मध्यें अंमलांत आला, सदोष मालामुळें झालेल्या इजेची जबाबदारी उत्पादकावर स्पष्ट शब्दांत टाकली.

न्यायालयांची दृष्टीहि उदार झाली. उत्तरेंतल्या एका हमरस्त्यावर २०१७ सालीं ह्युंदाई क्रेटा ह्या क्रॉसओव्हर गाडीला अपघात झाला आणि पुढच्या एअरबॅग उघडल्याच नाहींत. धक्का पुरेसा जोराचा नव्हता, असा बचाव कंपनीनें केला. एप्रिल २०२२ मध्यें सर्वोच्च न्यायालयानें तो फेटाळून भरपाईचा व गाडी बदलून देण्याचा आदेश कायम केला. न्यायालयाच्या म्हणण्याचा मतलब असा कीं, वेग आणि आघात यांचें गणित करणारा पदार्थविज्ञानवेत्ता होण्याची अपेक्षा सामान्य गिऱ्हाइकाकडून करतां येत नाहीं. साठ वर्षांपूर्वीं ज्याला दोष स्वभाव म्हणून पत्करावा लागे, त्या गिऱ्हाइकाला मिळालेलें हें केवढें अभयवचन!

मग सर्व कांहीं ठीक झालें काय? तसें म्हणवत नाहीं. दोन उणिवा अजून शिल्लक आहेत, आणि त्या भरून काढणें कांहीं अंशीं आपल्याच हातीं आहे.

पहिली उणीव जुन्या गाडीची. मुंबईच्या पहिल्या मालकाकडून गाडी दुसऱ्याकडे, दुसऱ्याकडून तिसऱ्याकडे जाते, आणि शेवटीं तालुक्याच्या गांवीं भाड्यानें माणसें वाहूं लागते. कंपनीचें पत्र किंवा फोन जातो तो तिच्या दप्तरांतल्या पत्त्यावर, म्हणजे पुष्कळदां ज्याचा आतां त्या गाडीशीं कांहींहि संबंध उरलेला नाहीं अशा गृहस्थाकडे. तो पत्र कचऱ्याच्या टोपलींत टाकतो, आणि सदोष भाग अंबाडीच्या रस्त्यावर दहा माणसांच्या भारानें धांवत राहतो. गाडी विकली तरी आलेलें पत्र नव्या मालकाकडे धाडणें हें सभ्य माणसाचें काम आहे. आणि जुनी गाडी घेतांना रंग व टायर यांबरोबर तिच्या चासी क्रमांकावर एखादी नोटीस निघाली आहे काय, हें अधिकृत कार्यशाळेंत विचारून घेणें हें शहाण्या माणसाचें.

दुसरी उणीव आपल्या समजुतींतली. एखाद्या गाडीवर परत मागविण्याची नोटीस निघाली म्हणजे ती गाडी वाईट, आणि जिच्यावर निघाली नाहीं ती चांगली, असा निष्कर्ष आपण चटकन् काढतों. तो बरोबर नव्हे. जो वैद्य रोग सांगतो त्याचे रोगी अधिक, म्हणून तो वैद्य वाईट ठरत नाहीं. आणि ज्यांना विश्वासार्हतेच्या तक्रारी म्हणतां येईल, गिअर अडणें, वारंवार दिवे लागून इशारे येणें, इंधन अधिक खाणें, त्या सुरक्षिततेच्या व्याख्येंत बसल्या नाहींत तर त्यांच्यासाठीं गाड्या परत मागविल्या जात नाहींत. तेथें ग्राहक आयोग हाच मार्ग.

परंतु जेथें जिवाचा प्रश्न आहे तेथें नव्या नियमांनीं एक गोष्ट मोठी केली आहे, आणि तिच्याकडे सुशिक्षित कुटुंबांचें लक्ष वेधल्यावांचून हें भाषण संपवितां येत नाहीं. सरकारी संकेतस्थळावर नोंदलेल्या मालकांच्या तक्रारी आतां मोजल्या जातात. एकाच जातीच्या गाडीविषयीं, तिच्या विक्रीच्या मानानें ठराविक संख्येइतक्या तक्रारी जमल्या कीं चौकशीचें चक्र फिरूं लागतें. म्हणजे पूर्वीं जी तक्रार ही एका घराची कुरकुर होती, ती आज एक मत झाली आहे. आणि मताप्रमाणेंच तें न दिल्यानें दुसऱ्याचें नुकसान होतें. ओळखीच्या गॅरेजांतून ब्रेक दुरुस्त करून घेऊन जो मालक गप्प बसतो, त्याचें घर सुरक्षित झालें. पण मोजणींतला एक आंकडा कमी पडला. त्या आंकड्यावांचून जी नोटीस निघाली नाहीं, तिची गरज कदाचित् अशा गाडीला होती जिचा मालक परवडत नाहीं म्हणून ब्रेक दुरुस्त करूं शकत नाहीं.

कुर्ल्याच्या कारखान्यांतून निघालेल्या त्या जुन्या गाड्यांतली शेवटची टॅक्सी ऑक्टोबर २०२३ मध्यें मुंबईच्या रस्त्यांवरून निवृत्त झाली. तिच्याबरोबर निमूटपणें सोसण्याचा तो काळहि निवृत्त व्हावयास हरकत नाहीं. तुमच्या गाडींत कांहीं खटकलें तर गॅरेजांत अवश्य जा. पण घरीं परतल्यावर पांच मिनिटें बसून तें नोंदवा. आणि कंपनीचें बोलावणें आलें तर तें दिवाळीनंतर पाहूं म्हणून बाजूला ठेवूं नका. तें बोलावणें ज्यांच्या धडपडीनें तुमच्या दारापर्यंत आलें, त्यांना त्यासाठीं ऐंशीं वर्षें वाट पाहावी लागली होती.